श्पार्गेल, सिल्वानर आणि निफाडचे मामा : वुर्झबुर्गकडचे तीन दिवस

मामा-मामी मे महिन्यात आमच्याकडे फ्रँकफर्टला आले होते. पॅरिस झालं, स्वित्झर्लंडचा बर्फ झाला, पण मामांचा चेहरा काही खुलेना. आयफेल टॉवरखाली उभं राहून मला विचारतात, "हे सगळं ठीके गं, पण यांच्या बागा कुठंयत?" मामांची निफाडजवळ सात एकर द्राक्षबाग, थॉम्पसन आणि थोडी सोनाका, आणि घरातून निघाल्यापासून डोक्यात फक्त तेच. मामी माळकरी, कांदा-लसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही. म्हणजे जर्मनीत वाईन टूर काढायची आणि त्यातल्या एका पाहुण्याने थेंब घ्यायचा नाही, दुसऱ्याने फक्त पानं बघायची! तरी काढली. शुक्रवार ते रविवार, आमचीच गाडी, नवरा ड्रायव्हर.

रिसलिंग या पांढऱ्या वाईनसाठी सगळे ऱ्हाइन नाहीतर मोझेलकडे पळतात, मी मुद्दाम फ्रांकनला, म्हणजे वुर्झबुर्गच्या आसपासच्या भागात नेलं. एक तर घरापासून दीड तास. दुसरं म्हणजे इथली सिल्वानर, तीही पांढरी वाईन (इथले लोक झिल्वानर म्हणतात), मला जेवणाबरोबर रिसलिंगपेक्षा जास्त आवडते आणि तिचं कौतुक फारसं कोणी करत नाही. तिसरं आणि खरं कारण, मे म्हणजे श्पार्गेलचा, पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा, सीझन.

दिवस पहिला : वुर्झबुर्ग

सकाळी अकराला पोचलो. गाडी नदीकाठच्या मोठ्या पार्किंगला लावून पायीच फिरलो, जुन्या गावात गाडी नेण्यात काही अर्थ नाही. आधी रेझिडेन्झ. बिशप-राजांचा राजवाडा, बाल्थाझार नॉयमानने बांधलेला, १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत. जिन्यावरच्या छतावर टिएपोलोने चार खंड रंगवलेत, मामींनी आशियाचा हत्ती बरोब्बर शोधला आणि मग मान मोडेपर्यंत तिथेच उभ्या. १६ मार्च १९४५ ला बॉम्बहल्ल्यात हे गाव जवळजवळ सगळं जळलं पण हे छत टिकलं हे ऐकल्यावर मामींनी हात जोडले. मामा मात्र खिडकीतून बाहेर. "ते वर दिसतंय ते काय?"

ते वर दिसत होतं ते श्टाइन. गावाच्या उत्तरेला रेल्वे लाईनच्या डोक्यावर उभी चढण आणि त्यावर वेलीच वेली, साधारण ८५ हेक्टर. पूर्वी 'श्टाइनवाईन' म्हटलं की सगळ्या फ्रांकनची वाईन समजायचे इतकं या टेकडीचं नाव, जर्मन कवी गटेलासुद्धा हीच लागायची म्हणे. मग काय, राजवाडा अर्धा टाकून आम्ही टेकडीवर. मामांनी पहिल्या ओळीपाशी बसून माती चिमटीत घेतली. पांढरट, चुनखडीची, मधेमधे शिंपल्यांचे ठसे असलेले दगड. इथे या खडकाला मुशेलकाल्क म्हणतात, म्हणजे शिंपल्यांचा चुनखडक, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता त्याचा. मामा म्हणाले, "आपल्याकडं असल्या चुनखडीत पानं पिवळी पडत्यात, लोह द्यावं लागतं." आणि पुढच्याच वेलीची पानं उलटी करून डावण्या (बुरशीचा रोग) शोधायला लागले. सापडला नाही. जरा निराश झाल्यासारखे वाटले मला.

मांडव नाही, वेली तारेवर उभ्या बांधलेल्या, फूट जेमतेम गुडघाभर. "आपल्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर तीन आठवड्यात एवढी फूट येते." इथे वर्षातून एकच छाटणी, हिवाळ्यात, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडच्यासारखी एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची वेगळी असं नाही, हे सांगितल्यावर मामांनी दोन मिनिटं मनात मजुरीचा हिशोब केला.

संध्याकाळी जुन्या पुलावर. माइन नदीवरचा हा दगडी पूल, दोन्ही बाजूला संतांचे पुतळे, आणि सगळं गाव हातात ग्लास घेऊन पुलावर उभं. याला ब्रुकनशॉपन म्हणतात, पुलावरचा पेला. पुलाच्या टोकाला खिडकीत वाईन मिळते, ग्लासचं डिपॉझिट द्यायचं, पुलावर जाऊन प्यायची, ग्लास परत, पैसे परत. मामींना हा प्रकार भलताच आवडला (त्यांच्या हातात द्राक्षाचा रस होता, ट्राउबेनझाफ्ट मागा, बहुतेक ठिकाणी असतो आणि चांगला असतो). "हे लोक पितात पण कोणी ओरडत नाही गं," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मामांनी पहिला घोट घेतला. तोंड वाकडं. "यात साखर नाही काय?"

नाही ना. फ्रांकनची हीच तर ओळख. जर्मन कायद्यात ट्रोकन म्हणजे ड्राय लिहायचं तर लिटरला ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते (आंबटपणा तेवढा असेल तर). फ्रांकनमधले लोक त्याहून हट्टी, त्यांच्या 'फ्रेंकिश ट्रोकन'मध्ये ४ ग्रॅमच्या आत. सगळी साखर आंबवून संपवलेली. मामांना ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून आयुष्यभर गोडीवर माल विकायची सवय, त्यांना हे म्हणजे पिकवून फेकून दिल्यासारखं वाटलं.

जेवायला एका जुन्या वाईनश्टुबेत, म्हणजे वाईनच्या खानावळीत. नवऱ्याने श्पार्गेल आणि हॅम, मी श्पार्गेल आणि हॉलंडेझ, मामींना श्पार्गेल, उकडलेले बटाटे आणि वितळवलेलं बटर.

*टीप : हॉलंडेझ सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो. अंडं चालत नसेल तर 'मिट झेरलासेनर बुटर' सांगा, म्हणजे वितळवलेलं बटर, तेही मेनूत असतंच. शेफला राग येत नाही.*

आता श्पार्गेलबद्दल थोडं, कारण भारतातून येणाऱ्यांना यात एवढं काय असं वाटतं. पांढरा शतावरीचा कोंब, अंगठ्याएवढा जाड. मातीचे उंच वरंबे करून त्यात वाढवतात, ऊन लागू देत नाहीत म्हणून पांढरा राहतो, आणि कोंब माती फोडायच्या बेतात आला की हाताने उकरून एकेक कापतात. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, सीझन बंद, मग झाडाला पुढच्या वर्षासाठी वाढू देतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जेमतेम दहा आठवडे, आणि त्या दहा आठवड्यात हे लोक आपण आंब्यासाठी होतो तसे येडे होतात. रस्त्याच्या कडेला टपऱ्या, घरोघरी सालं काढायची सोलणी, सालांचं सूप.

चव? मऊ, थोडी गोडसर, मागून बारीकसा कडूपणा. आणि हा कोंब वाईनचा वैरी आहे. रेड वाईन त्याच्याबरोबर पत्र्यासारखी लागते, लाकडी पिंपात मुरवलेली व्हाईटही बिघडते, जास्त आंबट रिसलिंगही कधीकधी टोचते. सिल्वानरचा आंबटपणा रिसलिंगपेक्षा मवाळ, वास फार नाही, हिरवं सफरचंद, नाशपाती, थोडं वाळलेलं गवत, त्यामुळे ती भांडत नाही. बटर जिभेवर चढलं की एक घोट ते धुवून नेतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

मामांनी माझ्या ताटातला बटरमध्ये बुडवलेला एक तुकडा खाल्ला, मग ग्लास उचलला, मग पुन्हा एक तुकडा. काही बोलले नाहीत पण ग्लास संपला. बिल आल्यावर म्हणाले, "ही भाकरीसारखी आहे. नुसती खाऊन बघायची चीज नाय. कोरड्यास पाहिजे बरोबर."

मी इतकी वर्षं लोकांना सिल्वानर समजावून सांगतेय, एवढं सोपं मला कधी जमलं नाही.

दिवस दुसरा : इपहोफन, कास्टेल

सकाळी पाऊस. बारीक, चिकट, ११ अंश. मामींनी शालीवर शाल घेतली. हॉटेलच्या बाई म्हणाल्या, हे तर आइसहायलिगे, बर्फाचे संत. ११ ते १५ मे या पाच दिवसांना पाच संतांची नावं आहेत, शेवटची 'थंड सोफी', ती गेल्याशिवाय इथले शेतकरी नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. मामा एकदम खूष. "म्हणजे यांचंबी नक्षत्रावर चालतं तर!"

पूर्वेला श्टाइगरवाल्डच्या पायथ्याशी माती बदलते, इथे कोयपर, जिप्समवाली, करडी-तांबडी. इपहोफन गाव तटबंदीच्या आत अजून जसंच्या तसं, तिरपं झालेलं रॉडेल्झे दरवाज्याचं घर फोटोसाठी सगळे बघतात आणि आम्हीही बघितलं. पण खरी गंमत त्यानंतर एका छोट्या वाईनवाल्याकडे, ज्याच्याकडे आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो. साठीचा माणूस, हातावर चिरा, गमबूट. मामांचे हात बघितले आणि मला विचारलं, "हे पण वाईनबाउअर का?" म्हटलं हो, पण खायची द्राक्षं. त्यानंतरचा सव्वा तास मी फक्त दुभाषी होते, आणि मला 'खुंट' या शब्दाला जर्मन शब्द आठवेना.

तो शब्द निघाला उंटरलागे, आणि तिथे दोघांचं जमलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाची कीड आली, मुळं खाऊन युरोपच्या बागा उठवल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करतात. मामांच्या बागेत डॉगरीज खुंट, तोही अमेरिकन, पण आपल्याकडे कारण वेगळं, कमी पाणी आणि क्षार. दोघांनी एकमेकांना खोडाची जाडी बोटांनी दाखवली.

मग उत्पन्न. फ्रांकनमध्ये हेक्टरी ९० हेक्टोलिटरच्या वर वाईन काढायला कायद्याने परवानगी नाही. मी हेक्टरचं एकर केलं, नवऱ्याने लिटरचे किलो केले, एकरी पावणेपाच टनाच्या आसपास आलं. मामा म्हणाले, मी एकरी दहा टन काढतो. तो म्हणाला, दहा टन काढले तर माझी वाईन पाण्यासारखी लागेल. मामा: "मग हा जगतो कसा?" हे मी भाषांतर केलं नाही. पण त्याला कळलं बहुतेक, हसला.

आणि मग गारठा. एप्रिल २०२४ च्या शेवटी इथे कडाक्याची थंडी पडली, कोवळी फूट एका रात्रीत काळी झाली, फ्रांकनभर नुकसान. काही जणांनी बागेत ओळीने मेणाचे डबे पेटवले होते. मामा हे ऐकून खुर्चीत पुढे सरकले. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचपर्यंत उतरतो, तेव्हा आमच्याकडे पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात, नाहीतर मणी तडकतात. हे मी सांगितलं तेव्हा तो माणूस काही न बोलता आत गेला आणि विकायला नसलेली एक बाटली घेऊन आला. पाच वर्षं जुनी सिल्वानर, रंग जरा पिवळा, वासाला मध, ओल्या दगडासारखं काहीतरी, पण जिभेवर अजिबात गोड नाही. मामा: "जिरं लागतंय." मी पुन्हा घेतली. खरंच मागे कुठेतरी जिऱ्यासारखं होतं.

*टीप : छोट्या वाईनवाल्यांकडे आधी फोन करा, रविवारी जाऊ नका, कॅश ठेवा. चव घेतली की दोन-तीन बाटल्या घ्याव्यात अशी रीत आहे. साधी गावाच्या नावाची सिल्वानर आठ ते बारा युरोत मिळते आणि जेवणाबरोबर तीच बरी, महागडी 'ग्रोसेस गेवेक्स' घेऊन श्पार्गेलवर ओतू नका. शाकाहारींनी लेबलवर 'वेगान' बघा, काही ठिकाणी वाईन गाळायला जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात. आणि ड्रायव्हरने घेऊ नये, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात अर्धा भाग) आहे पण परदेशी लायसनवर कशाला विषाची परीक्षा.*

दुपारी कास्टेल. छोटं गाव, वर चर्च, भोवती बागा. इथे १६५९ च्या एप्रिलमध्ये सिल्वानरची २५ रोपं लावली, जर्मनीतली पहिली नोंद झालेली लागवड. तीस वर्षांचं युद्ध संपून दहा-अकरा वर्षं झालेली, गावं ओस पडलेली, आणि कोणीतरी वहीत टिपून ठेवलं की अमुक रोपं आणली आणि लावली. त्या वेलीला तेव्हा 'ऑस्ट्रियाची' म्हणायचे, आणि आता डीएनए तपासून कळलंय की ट्रामिनर आणि एका जुन्या ऑस्ट्रियन पांढऱ्या जातीचं हे लेकरू, म्हणजे नाव बरोबरच होतं.

यानंतर आमचा पोपट झाला. अडीच वाजले होते, ज्या हॉटेलवर भरवसा ठेवला होता तिथलं किचन दोनला बंद झालेलं. दुसरं बंद, तिसऱ्याचा सुट्टीचा दिवस. जर्मनीत दुपारी दोन ते साडेपाच भूक लागू द्यायची नाही हे मी इतकी वर्षं राहून विसरले. मामींनी पर्समधून दशम्या काढल्या आणि आम्ही पावसात गाडीत बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कालची अर्धी सिल्वानर होती, मामांनी पेपर कपात घेतली. गुळाच्या दशमीनंतर ती लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागली. गोड खाल्ल्यावर ड्राय वाईन अशीच लागते, सगळी फळाची चव गायब. लक्षात ठेवा, पुरणपोळी, शिरा, श्रीखंड यांच्या जवळपास हिला फिरकू देऊ नका.

रात्रीची भरपाई मात्र झाली. एका घराच्या दारावर झाडाची फांदी बांधलेली दिसली, म्हणजे हेकनविर्टशाफ्ट चालू. वाईनवाल्यांनी आपल्याच घरात, वर्षातून चार महिन्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४० खुर्च्या मांडून स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकायचं, असा कायदा आहे. आजी वाढत होत्या. नवऱ्याला ब्लाउए झिप्फल, म्हणजे व्हिनेगर आणि कांद्याच्या रश्शात शिजवलेल्या ब्राटवुर्स्ट (सॉसेज), रंगाने जरा निळसर. व्हिनेगरबरोबर कुठलीही वाईन चालत नाही असं पुस्तकं सांगतात, इथले लोक शांतपणे सिल्वानर पितात आणि नवरा (आता गाडी लावून झाली होती) म्हणतो जमतंय. मला गेरुप्फटर, पिकलेलं चीज, बटर, कांदा आणि पाप्रिका कुस्करून केलेलं, काळ्या पावाबरोबर. खारट, चरबट, त्यावर गार सिल्वानर. मामींना पाव, बटर, मुळा, आणि आजींनी बागेतली चाईव्ह चिरून वर घातली. मामी म्हणाल्या कांद्याची पात. आजी म्हणाल्या श्निटलाउख. दोघी बराच वेळ एकमेकींना तेच सांगत होत्या.

दिवस तिसरा : फोल्काख, माइनचं वळण

ऊन! नदी इथे टेकडीला वळसा घालून मोठ्ठा फास टाकते, त्याला माइनश्लाइफे म्हणतात. फोगेल्सबुर्गवरून सगळं वळण दिसतं, खाली एशर्नडॉर्फ, पलीकडे नॉर्डहाइम, मधे छोटी फेरी गाडीसकट पलीकडे नेते. फेरीवर मामी लहान मुलीसारख्या कठड्याला धरून उभ्या.

एशर्नडॉर्फच्या वरच्या अर्धगोल चढणीचं नाव लुंप, म्हणजे चिंधी. पूर्वी इथे बापाची जमीन सगळ्या पोरांत सारखी वाटायचे, वाटत वाटत एकेकाच्या वाट्याला चिंधीएवढी पट्टी उरली, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मामा बराच वेळ त्या चढणीकडे बघत राहिले. आजोबांची अठ्ठावीस एकर चार भावांत सात-सात झाली ते मला माहीत आहे आणि बांधावरून काय काय झालं तेही, त्यामुळे मी गप्प बसले.

दुपारी नदीकाठी बाकावर आमचं स्वतःचं जेवण, आणि हा माझा प्रयोग होता. घरून थालीपीठं, कोथिंबीर वडी, जिरं घातलेली बटाट्याची सुकी भाजी आणि मामींचा ठेचा. सिल्वानर नदीच्या पाण्यात दोरी बांधून गार केली. निकाल असा : बटाट्याची भाजी पहिली, डोळे झाकून. कोथिंबीर वडी दुसरी, ही वाईन हिरव्या वासाच्या पदार्थांशी छान बोलते. थालीपीठ लोण्याबरोबर चांगलं, नुसतं कोरडं. ठेचा लावला की मात्र सगळं मेलं, मिरचीने तोंड पेटलं आणि वर अल्कोहोल, दुप्पट जाळ. मामांनी तरी ठेचा सोडला नाही, वाईन सोडली. मासे खाणाऱ्यांसाठी, इथे माइनमधले बोटभर मासे अख्खे तळून देतात, मेफिशली, त्यावरून मला वाटतं आपल्या रवा लावलेल्या बोंबलाबरोबर ही फार छान जाईल, फक्त मसाला हात राखून.

*टीप : फार गार करू नका, दहा अंशाच्या आसपास बास. फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं ठेवली की चव उघडते.*

निघताना मामांना बॉक्सबॉयटेल हवी होती, ती फ्रांकनची चपटी, गोल पोटाची बाटली. १७२६ मध्ये वुर्झबुर्गच्या नगर परिषदेने श्टाइनची चांगली वाईन अशा बाटल्यांत भरून शिक्का मारायला लावला, भेसळ थांबवायला. नावाचा एक अर्थ पुस्तकाची पिशवी असा लावतात आणि दुसरा बोकडाची... असो. तो दुसरा नवऱ्याने मामांच्या कानात सांगितला आणि मामा फ्रँकफर्ट येईपर्यंत मधूनच हसत होते. मामींना अजून माहीत नाही.

भारतात माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री चालते, बाटली पाऊण लिटरची, म्हणून दोन दिल्या, स्वेटरमध्ये गुंडाळून. चपटी असल्याने बॅगेत गडगडत नाही हा एक फायदा.

परवा मामांचा फोन. पहिली मित्रांबरोबर मटणाच्या काळ्या रश्श्यावर उघडली, सगळे म्हणाले पाणी आहे. दुसरी मग त्यांनी एकट्याने उघडली, घरात पाऊस, मामींनी मुगाची खिचडी टाकलेली, वर तूप, पोह्याचा पापड. "आता लागली बघ," म्हणाले. रिकामी बाटली मामींनी घासून त्यात देव्हाऱ्याचं तेल भरून ठेवलंय, आणि मामा तेवढ्यासाठी पुन्हा हसत होते.